जुनी पिकअप पुन्हा उभी करताना: काम कोणत्या क्रमाने करावं

जुनी पिकअप दारात आली की हात शिवशिवायला लागतात. बोनेट उतरवावं, दारं काढावीत, हौदा खाली घ्यावा आणि सगळं एकदाचं मोकळं करून टाकावं असं वाटतं. नेमकं तेच करू नये. छंद म्हणून हाती घेतलेल्या ज्या गाड्या अर्धवट पडून राहतात, त्यांच्या मालकांना काम येत नव्हतं असं क्वचितच असतं. एकाच वेळी सगळं उघडलं, सुट्या भागांचा ढीग झाला, कोणता बोल्ट कुठला हे कळेना, आणि कितीही राबलं तरी गाडी जागची हललेली दिसेना, म्हणून उत्साह आटतो. त्यामुळे या लेखात सगळा भर क्रमावर आहे. गाडी आधी नीट थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे, मग तिचा पत्रा धड झाला पाहिजे, आणि रंगाचा विचार सगळ्यात शेवटी. मध्येच काही महिने काम थांबलं तरी गाडी चाकांवर उभी आणि ढकलता येण्याजोगी राहील, असं प्रत्येक टप्प्याचं नियोजन करायचं.

पहिल्यांदाच असं काम करणाऱ्यासाठी पिकअपसारखी दुसरी गाडी नाही. फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टी कारखान्यातूनच मागे हौदा बसवून विकायला सुरुवात केली. तेव्हापासून बहुतेक पिकअपची रचना तीच आहे: खाली दोन लांब पोलादी रेल आणि त्यांना जोडणारे आडवे मेंबर अशी चेसिस, तिच्यावर बोल्टने बसवलेली कॅब आणि मागे वेगळा हौदा. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे उतरवता येतो. कॅबमध्ये सजावट फारशी नसते आणि इंजिनभोवती हात घालायला भरपूर जागा असते. पण या गाड्या आयुष्यभर ओझं वाहत आलेल्या असतात, म्हणून त्यांची दुखणी ठरावीक जागी सापडतात. तपासणीची सुरुवात तिथूनच करावी.

घेण्याआधी खाली झोपून बघा

बाहेरचा रंग आणि इंजिनाचा आवाज बघून गाडी ठरवू नका. इंजिन दुरुस्त होतं, बदलताही येतं. कुजलेली चेसिस मात्र सगळं गणित बिघडवते. हातोडी, टोच्या आणि विजेरी घेऊन गाडीखाली जा. रेलवर ठिकठिकाणी हातोडी हलकेच मारा. शाबूत पोलाद खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं आणि टोच्या आत शिरतो. विशेष लक्ष द्यायचं ते पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ, आडवे मेंबर रेलला मिळतात तिथे, आणि कॅब संपून हौदा सुरू होतो त्या जागी. क्षमतेपेक्षा जास्त माल वाहिलेल्या गाडीची चेसिस याच जागी वाकते किंवा तडकते. बाजूला उभं राहून कॅब आणि हौदा यांच्यामधली फट बघा. ती वर अरुंद आणि खाली रुंद, किंवा याच्या उलट दिसली तर चेसिस वाकली असण्याची शक्यता आहे. कॅबखालच्या माउंटची रबरं बसली असली तरी फट अशीच दिसते, म्हणून तीही तपासा.

कॅबमध्ये पायाखालचं मॅट उचला. दाराखालची सिल, कॅबचे मागचे खालचे कोपरे, मडगार्डच्या आतली कड आणि विंडस्क्रीनच्या रबराखालची पट्टी या गंजाच्या आवडत्या जागा. कापडात गुंडाळलेला लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. तो जिथे पकड सोडतो तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. सगळ्यात शेवटी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदपत्रांशी ताडून बघा. नंबर जुळत नसतील तर गाडी कितीही मोहात पाडणारी असली तरी सोडून द्या.

गाडी ठरली की तिचं पुढे काय करायचं तेही तेव्हाच ठरवा. रोज वापरायची, प्रदर्शनात मांडायची की कारखान्यातून निघाली तशी अस्सल ठेवायची, ही तीन वेगळी कामं आहेत. माझं मत विचाराल तर पहिल्या गाडीसाठी वापरण्याजोगी आणि नीटनेटकी हे ध्येय पुरेसं आहे. कॅब आणि हौदा दोन्ही उतरवून नागड्या चेसिसपासून काम करायचं असेल तर बंदिस्त जागा, वेळ आणि संयम तिप्पट लागतो.

उकलण्याची पद्धत

गाडी जॅकवर ठेवून कधीही खाली जाऊ नका. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. वजन नेहमी घोड्यांवर (गाडी खालून पेलणाऱ्या पोलादी स्टँडवर) द्यायचं, घोड्या कडक सपाट जमिनीवर, चेसिसच्या किंवा अॅक्सलच्या खाली, आणि जमिनीवर असलेल्या चाकांच्या पुढेमागे ठोकळे. गाडीखाली शिरण्याआधी तिला जोराने हलवून बघा.

एका वेळी एकच भाग उघडा आणि उघडण्याआधी तीन-चार बाजूंनी फोटो काढा. वायर, पाइप आणि वॉशर कोणत्या क्रमाने बसले होते ते फोटोत दिसलं पाहिजे. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर शाईने नाव. जुना भाग कितीही खराब झालेला असला तरी नवा भाग प्रत्यक्ष बसेपर्यंत टाकू नका, कारण माप, कोन आणि भोकांच्या जागा त्याच्यावरच सापडतात.

गंजलेल्या बोल्टवर ताकद लावली की तो तुटतो. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करा, गंज सोडवणारं तेल टाका आणि रात्रभर राहू द्या. मग पाना लावून दोन्ही दिशांना थोडं थोडं हलवा. तरीही हटला नाही तर नट तापवा आणि कडेला मेणबत्ती टेकवा. वितळलेलं मेण आट्यांमध्ये ओढलं जातं आणि पुष्कळदा तेवढ्यानेच नट सुटतो. टाकी, पेट्रोलचे पाइप किंवा रबर जवळ असेल तिथे मात्र ज्योत नेऊ नका. आणखी एक: काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. स्टडच्या टोकावर ‘एल’ अक्षर कोरलेलं दिसलं तर समजा की तो उलटा फिरवायचा आहे.

चेसिस आणि पाटे

चेसिस धुऊन, खरवडून कोरडी करा आणि मापं घ्या. पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आणि दुसऱ्या बाजूने तसंच. दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. मोठा फरक असेल तर चेसिस सरळ करणाऱ्या जाणकाराकडेच जावं लागेल. चेसिसला जोड देताना रेलवर सरळ उभी वेल्डिंगची रेघ मारू नये, कारण सगळा ताण त्या एका रेषेवर येतो आणि तडा तिथूनच पुढे सरकतो. जोडपट्टी दोन्ही टोकांना निमुळती, पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची कापतात. वेल्डिंगमध्ये हात बसलेला नसेल तर चेसिसचं काम अनुभवी वेल्डरकडून करून घ्यावं. सराव पत्र्यावर करता येतो, चेसिसवर नाही.

पाटे उतरवले की प्रत्येक पान तपासा. तडा बहुधा मधल्या बोल्टच्या भोकाजवळ असतो. यू-बोल्ट पुन्हा वापरू नका, एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा तशी पकड देत नाही. पाट्याच्या डोळ्यातले बुश रबराचे असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळा. गाडी उचललेली असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पुढचं चाक उचलून वरखाली धरून हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. प्ले गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा किंवा बॉल जॉइंटचा, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या सांध्याचा.

ब्रेक आणि चाकं

इंजिन सुरू होतं का हे आधी बघायला हरकत नाही, पण ब्रेक पूर्ण होईपर्यंत गाडी स्वतःच्या ताकदीवर हलवू नका. जुन्या ब्रेक शूजमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओली करून पुसून घ्या. व्हील सिलिंडर (चाकाजवळ शूज ढकलणारा), मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा) आणि रबरी होज यांच्या बाबतीत काटकसर नको, सगळे नवे बसवा. नवा पाइप पोलादाचा किंवा तांबे-निकेलच्या मिश्रधातूचा असावा आणि त्याची टोकं दुहेरी फ्लेअर केलेली, म्हणजे दुमडून पसरवलेली असावीत. नुसतं तांबं हादऱ्यांनी कडक होऊन तडकतं.

१९६० च्या दशकातल्या आणि त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांत ब्रेकचं एकच सर्किट असतं. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. अस्सलपणाचा कितीही आग्रह असला तरी इथे दुहेरी मास्टर सिलिंडर बसवावा असं मी ठामपणे सांगेन. ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ वापरा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते या दोन्हींत मिसळायचं नाही. डॉट ५.१ मात्र नाव सारखं असूनही डॉट ४ च्या कुळातलं आहे. डॉट ३, ४ आणि ५.१ ही ऑइलं हवेतला ओलावा शोषतात, म्हणून अर्धी उघडी राहिलेली जुनी बाटली वापरू नका. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना सहसा मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात.

टायरची नक्षी खोल दिसली म्हणून टायर चांगला असं नाही. २००० सालापासून टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१४’ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर गेल्या शतकातला आहे. दहा वर्षांवरचा टायर रस्त्यावर नेऊ नका. चाकाची रिम दोन-तीन तुकड्यांची, कड्याने अडकवलेली असेल तर तिला घरी हातच लावू नका. हवा भरताना ते कडं सुटलं तर माणूस जागीच दगावू शकतो. अशी रिम पिंजऱ्यात ठेवून हवा भरणाऱ्याकडेच न्यावी.

बऱ्याच दिवसांनी इंजिन फिरवताना

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीला बॅटरी लावून लगेच स्टार्टर मारू नका, ढकलून किंवा ओढूनही सुरू करू नका. आधी सगळे प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल टाका आणि काही तास राहू द्या. मग क्रँकच्या पुढच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. जाम असेल तर गिअरबॉक्सचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल आणि अॅसिटोन समप्रमाणात मिसळून सिलिंडरमध्ये सोडा, काही दिवस वाट बघा आणि दोन्ही दिशांना हळूहळू हलवत राहा. अॅसिटोन झटकन पेट घेतं, तेव्हा आसपास ठिणगी नको. इंजिन ऑइल काढून बघा. ते दुधट दिसलं तर आत पाणी शिरलेलं आहे.

पेट्रोल इंजिन मोकळं फिरायला लागलं की कॉम्प्रेशन मोजा. इग्निशन बंद, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा ठोके. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा: सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली नसावा. कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन्ही कमी असतील तर बहुधा त्या दोघांमधलं हेड गॅस्केट गेलेलं असतं. एवढ्या अर्ध्या तासाच्या कामावरून इंजिन उघडायचं की नाही हे ठरतं, आणि पुष्कळदा उघडायची गरज नसते.

जुन्या टाकीतलं पेट्रोल वार्निशसारखा वास देत असेल तर ते इंजिनापर्यंत जाऊ देऊ नका. पहिल्यांदा सुरू करताना वेगळ्या छोट्या कॅनमधून ताजं पेट्रोल द्या. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर फुगवतं, म्हणून सगळे होज बदला. काही जुन्या पिकअपमध्ये टाकी कॅबमध्येच, सीटच्या मागे असते. तिथे होजची आणि झाकणाची तपासणी दुप्पट काळजीने करा. रिकाम्या टाकीला कधीही वेल्डिंग किंवा ग्राइंडर लावू नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी धोकादायक, कारण आत उरलेली वाफ स्फोट करते.

इंजिन उघडलंच आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) व त्यावर टेकणारे टॅपेट नवे टाकले, आणि टॅपेट रोलर नसलेले सपाट असले, तर पहिली वीस मिनिटं ते साधारण २,००० आरपीएमवर चालवा, आयडलवर सोडू नका. त्याआधी ऑइल पंप फिरवून ऑइल सगळीकडे पोचवा आणि जस्त-फॉस्फरसयुक्त घटक जास्त असलेलं ऑइल वापरा. ही काळजी घेतली नाही तर नव्या कॅमचे लोब (उंचवटे) पहिल्याच तासात झिजू शकतात.

वायरिंग: सगळं अर्थिंगवर येऊन ठेपतं

आधी बॅटरीवरची खूण वाचा. जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या असू शकतात, काहींत बॅटरीचं धन टोक चेसिसला जोडलेलं असतं. हे न बघता नवा अल्टरनेटर किंवा रेडिओ जोडला तर तो जळतो. कापडी वेष्टनाची वायर वाकवल्यावर भुगा पडत असेल तर तुकडे जोडत बसण्यापेक्षा पूर्ण नवा हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) टाका. बॅटरीपासून वीतभर अंतरात मुख्य फ्यूज हवाच. हेडलाइटला रिले (छोट्या विजेने मोठी वीज चालू-बंद करणारे स्विच) लावले की जुन्या स्विचवरचा भार जातो आणि उजेडही वाढतो.

पिकअपच्या विजेच्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं. इंजिन रबरी माउंटवर, कॅब रबरी माउंटवर, म्हणजे धातूचा धातूला थेट स्पर्शच नाही. इंजिन ते चेसिस आणि चेसिस ते कॅब अशा जाड अर्थ पट्ट्या नसतील तर वीज परतीची वाट चोकच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून शोधते, आणि केबल गरम होऊन वितळते. हौद्याच्या मागच्या दिव्यांसाठीही चेसिसपर्यंत स्वतंत्र अर्थ वायर टाका. रंगकाम झाल्यावर हे दोष नव्याने उद्भवतात, कारण ताजा रंग विजेला अडवतो. प्रत्येक अर्थ बिंदूखालचा रंग खरवडून चकचकीत धातू उघडा करा, बोल्ट आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. खात्री करायची तर मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरं इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवून स्टार्टर मारा (वरच्यासारखी धन-अर्थ गाडी असेल तर टोक धन घ्या). अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर ती जोडणी सुधारायला हवी.

पत्रा

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जाऊ द्यावा. गंजावर रंग किंवा लांबी लावली तर गंज खालून चालूच राहतो. चकचकीत पत्रा लागेपर्यंत खरवडा. सुटे छोटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवून बॅटरी चार्जरने गंज काढता येतो: भागाला ऋण टोक, बाजूला लोखंडी सळईला धन टोक. सळई स्टेनलेस स्टीलची वापरू नका, तिच्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. हे काम उघड्यावर करा, हायड्रोजन वायू सुटतो. पाट्यांवर किंवा कडक बोल्टवर ही पद्धत वापरू नये, हायड्रोजनमुळे ते ठिसूळ होतात. जिथे ब्रश पोचत नाही तिथे फॉस्फरिक आम्लाचं गंजरोधक लावावं.

कुजलेला भाग शाबूत पत्रा लागेपर्यंत कापा. सिल किंवा कॅबचे कोपरे कापण्याआधी दाराच्या चौकटीत आतून तिरप्या सळया वेल्ड करून कॅबला आधार द्या, नाहीतर कॅब पसरते आणि नंतर दार बसत नाही. नवा तुकडा वेल्डिंगच्या ठिपक्यांनी टाचून झाला की दार लावून फटी बघा आणि मगच पक्कं वेल्डिंग करा. ०.८ ते १ मिमीच्या पत्र्याला एमआयजी वेल्डिंगची ०.६ मिमी तार बरी. सलग रेघ ओढू नका. एक टाचा इथे, दुसरा दूर, तिसरा आणखी कुठे, मध्ये गार होऊ द्या. पत्रा फुगला तर तो सरळ करायला वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ लागतो. जस्ताचा थर असलेला पत्रा वेल्ड करताना धूर छातीत जाऊ देऊ नका. आणि क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागाला वेल्डिंगची आच लावू नका: फॉस्जिन नावाचा जीवघेणा वायू तयार होतो. पुसायला अॅसिटोन घ्या आणि ते पूर्ण उडून गेल्यावरच वेल्डिंग करा.

हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा असेल तर फळ्या बसवण्याआधी सहाही बाजूंनी वार्निश किंवा तेल पाजा. खालची बाजू कोरी राहिली की पाणी तिथूनच मुरतं. फाळक्याच्या बिजागऱ्या आणि साखळ्या किंवा कड्या रंगाआधीच बसवून बघा.

रंग आणि जुळवणी

उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, त्यावर लांबी, मग सर्फेसर (घासून सपाट करायचा प्रायमर), घासकाम आणि शेवटी रंग. लांबी पाणी शोषते, म्हणून ती इपॉक्सीवर देणं चांगलं, आणि थर शक्यतो ३ मिमीच्या आत ठेवा. हार्डनर मिसळून वापरायच्या रंगात आयसोसायनेट असतं. ते श्वासात गेलं तर कायमचा दमा जडू शकतो आणि साधा कोळशाचा मास्क त्यासाठी भरवशाचा नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. ती सोय नसेल तर शेवटचा रंग रंगकाम करणाऱ्याकडे द्या. घासकाम तुम्ही केलेलं असलं की नव्वद टक्के श्रम तुमचेच असतात. रंग वाळल्यावर सिल, दारं आणि मडगार्डच्या पोकळ्यांत मेणासारखं गंजरोधक फवारा, पण पाणी वाहून जाण्याची भोकं बुजवू नका.

विंडस्क्रीन बसवायला एक दोरी पुरते. काचेला रबर चढवा, रबराच्या चौकटीवर बसणाऱ्या खाचेत सगळीकडून दोरी बसवा, टोकं आत कॅबमध्ये सोडा. साबणाचं पाणी लावून काच बाहेरून चौकटीला टेकवा. एकाने बाहेरून तळहाताने दाबायचं, दुसऱ्याने आतून दोरी ओढत जायचं. रबराची कड दोरीमागोमाग चौकटीवर चढत जाते.

पहिली फेरी रिकाम्या, सपाट जागेत, चालण्याच्या वेगाने घ्या आणि फक्त ब्रेक बघा. गाडी एका बाजूला ओढते का, पेडल खाली बसतं का, चारही ड्रम सारखेच कोमट होतात का, हे तपासा. एकच ड्रम भाजण्याइतका तापला तर तो ब्रेक पूर्ण सुटत नाही. साधारण १०० किमी झाले की चाकांचे नट, यू-बोल्ट, स्टिअरिंगचे सांधे आणि कॅबचे माउंट पुन्हा आवळा, आणि रंगीत मार्करने प्रत्येक नट-बोल्टवर रेघ ओढून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तो हलला आहे का हे नजरेनेच कळेल. इंजिन नव्याने बांधलं असेल तर ८०० किमीच्या आतच पहिलं ऑइल आणि फिल्टर बदला आणि जुना फिल्टर कापून त्याच्या कागदात चमकणारा धातूचा चुरा आहे का ते बघा.